तारेवरची बोटं

कानाच्या दवाखान्यात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक शिंपीणबाईंच्या डोक्यात जात होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि हातभर गोंदलेला त्यांचा मुलगा बसले होते.

"बाबा, आम्ही मेटल वाजवणारे कितीही आदळआपट करू, तुमच्या त्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डची सर नाही. सगळ्यांचा बाप आहे तो अल्बम!"

"मग तोंड का उतरलंय?"

"दुसऱ्या गाण्यात ड्रम थांबतात आणि गिटारच्या तारेवरून बोटं घसरतात ना, ते हल्ली ऐकूच येत नाही. रेकॉर्ड झिजलीय."

"मला काल आलं ऐकू."

"...खरंच?"

"घाबरू नकोस. डॉक्टर बघतील."

"घाबरतोय कोण? उलट इथं बरं वाटतंय, किती शांत आहे! ते घड्याळसुद्धा आवाज करत नाही."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग शिंपीणबाईंकडे. बाईंनी मान खाली घातली.