फेडू दे एकदा, मग बघते!

…फ्रिज उघडते हो! दुसऱ्याच्या घरातला! चप्पल दारात काढली, 'हुश्श, काय गो हे ऊन' म्हटलं, आणि पाण्याचं निमित्त करून सरळ फ्रिजाचं दार! पाणी मडक्यात आहे हे तिला ठाऊक आहे, तिच्या बापाचंच घर ते, मडकं तिच्या जन्मापासून त्याच कोपऱ्यात. पण नाही, बाईला फ्रिजातलंच हवं, आणि बाटली शोधायला डोकं असं आत… असं, अख्खं आत! आणि मग आतून आवाज, 'अगो शालिनी, हे इसवणाचं मासळं केवढ्याला मिळालं गो? सहज विचारते हां!'

सहज! शिरा पडो त्या सहजावर!

तुम्हाला सांगते, ही विनोदिनी म्हणजे आमच्या शेजारच्या शालिनीची नणंद. थोरली. राहते पेडण्याला, नवऱ्याला पेन्शन, घरात दोन दोन गॅस. आणि शालिनी आमची चोपड्याची, माझ्या न् तिच्या घरांच्या मधे एक चिऱ्यांचा गडगा, तोही कमरेएवढा. त्यामुळे तिच्याकडे भांडं पडलं की मी इकडे विचारते, 'कुठलं गो?' तर तिचा नवरा महादेव. देवमाणूस. डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. आता खाण म्हणजे काय, आज चालू, उद्या बंद, परवा चालू होणार म्हणतात… आमच्याकडच्या लाइटीसारखं! तर असल्या एका बंदात त्यानं हप्त्यावर टेम्पो घेतला, म्हटलं आपलं आपण कमवू. आणि कमावलं हो! केरीला किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांच्या खुर्च्या ने, जेटीवर बर्फ ने… पण पावसाळा आला, शॅक उतरले, भाडी गेली, हप्ते थकले, आणि एक दिवस फायनान्सचे दोघे गळ्यात कार्डं अडकवून दारात, टेम्पो न्यायला. शालिनी रडतेय, महादेव चावी हातात धरून तुळशीकडे बघत उभा, आणि तेवढ्यात रिक्षातून विनोदिनी उतरली, पैसे काढले, दिले, वर 'व्याज नको गो मला' म्हणाली, टेम्पो वाचला! खरं ते खरं. किती दिले ते मी सांगत नाही, शालिनी गडग्यापलीकडून ऐकत असेल. पण तिनं त्या दिवशी नणंदेचे पाय धरले, ते मी या डोळ्यांनी बघितलं.

आणि पुढच्याच शुक्रवारी पहिली तपासणी!

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार करून बाई बसनं परत निघायची ती मध्येच चोपड्याला उतरायची. भावाला भेटायला म्हणे! भाऊ टेम्पो घेऊन बाहेर, मग भेट कुणाची? फ्रिजाची, डब्यांची, दोरीवरच्या कपड्यांची! शालिनीच्या चपलेचा अंगठा तुटला, बिचारीनं साधी दुसरी घेतली, तर दारातच, 'अगो, नवी? बरं आहे बाई. माझी बघ, तिसरं वर्ष. सहज म्हटलं हां!' शालिनीनं काय केलं असेल? नवी कोरी चप्पल घेऊन अंगणात आली आणि गडग्यावर घासायला लागली. मी म्हटलं, 'अगो, काय करतेस?' तर दात खाऊन म्हणते, 'जुनी करतेय! फेडू दे एकदा, रेश्मा, फेडू दे एकदा, मग बघते!'

झालं, तेव्हापासून हाच जप. दुसऱ्या बायका देवासाठी उपास धरतात, हिनं नणंदेसाठी धरला. सकाळी पोदेर सायकलवर भोंपू वाजवत यायचा, सवयीनं थांबायचा, ही खिडकीतून, 'दोनच पाव दे!' घरात माणसं तीन! तिसरा पाव विनोदिनीच्या नावानं शिल्लक. गॅसवर फक्त चहा, बाकी सगळं चुलीवर, फू फू करून डोळे लाल, आणि प्रत्येक फुंकरीला, 'फेडू दे एकदा…' टीव्हीची चॅनलं बंद केली, महादेवचा संध्याकाळचा पेला बंद केला. तो म्हणतो, 'अगो, पेल्यात काय जातं?' ही म्हणते, 'पेल्यात काही जात नाही, तुमच्या पोटात जातं!' त्यात महादेवचं काम हे असं. एका आठवड्यात रोज भाडं, मग पंधरा पंधरा दिवस टेम्पोवर कोंबड्या बसलेल्या. आला पैसा की ही अर्धा आधी बाजूला काढायची, मग उरलेल्यात घर. बरं, घर उरलेल्यात बसत नव्हतं, तर हिनं घरच कमी केलं! साखर कमी, तेल कमी, पाहुणे कमी… एकच पाहुणी कमी होईना!

आणि मासे? अहो, गोव्यातलं घर, समोर नदी, वारा आला की जेटीचा वास थेट ताटात, आणि ही नुसती सुक्या सुंगटांची, तुमच्या कोळंबीची, किसमूर करतेय! ताजं मासळं फक्त रविवारी. का, तर रविवारी पेडण्याच्या बसा कमी, नणंद यायची भीती नाही!

पण एका मंगळवारी महादेवला जेटीवरच्या कुणी तरी भाड्याबरोबर बांगडे दिले. फुकट! ताजे, डोळे असे लखलखीत. शालिनीला राहवलं नाही. तव्यावर रव्यात घोळून टाकले, वास माझ्या चुलीपर्यंत, मी भात घेऊनच उभी होते म्हणा ना… आणि फाटकाची कडी वाजली! मंगळवारी! विनोदिनीला म्हणे म्हापशाला डोळे तपासायचे होते. अगो, तुझे डोळे कशाला तपासायला हवेत, तुझे डोळे तर भिंतीपलीकडचं बघतात! शालिनी तवा घेऊन मागच्या दारानं धावत आली, गडग्यावरून तवा माझ्या हातात, 'रेश्मा, धर!' आणि पदरानं तोंड पुसत आत. तेल उडून माझ्या मनगटावर फोड आला, तो बघा, अजून डाग आहे.

आतून ऐकू येतंय. 'अगो, वास कसला?' 'शेजारचा, वन्सं.' 'तुझ्या चुलीत विस्तव कसा?' 'पाणी तापवलं, वन्सं.' आणि बाई काय करते? सरळ माझ्याकडे! गडग्याशी येऊन, 'रेश्मा, बांगडे केलेस वाटतं? शालिनीचा तवा तुझ्याकडे कसा गो? सहज विचारते हां!' मी म्हटलं, 'माझा तवा फुटला.' 'लोखंडाचा?' आता काय सांगू? म्हटलं, 'हो, लोखंडाचाच!'

हसता काय? शालिनी नाही हसली. रात्री गडग्याशी उभी राहून एकच म्हणाली, 'स्वतःच्या घरात चोरासारखं जेवायचं गो?' आणि मग… बरोब्बर! 'फेडू दे एकदा, मग बघते!'

आणि फेडत आलं होतं हो! तेवढ्यात टेम्पोच्या इंजिनानं राम म्हटला. महादेव म्हणतो, 'बाजूला ठेवलेल्यातले घेऊ, विनोदिनीबायला सांगू थोडं थांब म्हणून, ती काय परकी आहे?' ही म्हणते, 'परकी असती तर थांबवली असती! परकी माणसं फ्रिज उघडत नाहीत!' दोन दिवस दोघांचं बोलणं बंद. सिद्धी, त्यांची मुलगी, मधल्यामधे निरोप्या. 'बाबा, आई म्हणते जेवा.' 'आईला सांग, भूक नाही.' शेवटी महादेव दोडामार्गला दुसऱ्याच्या ट्रकवर चिरे वाहायला गेला, आणि शालिनी रोज उजाडायच्या आत उठून एका हॉटेलवाल्याला भाकऱ्या थापून द्यायला लागली. भाकरी कशी थापायची ती! धप्, 'फेडू दे', धप्, 'एकदा!' मला वाटायचं, एखाद्या भाकरीला नाक-डोळे काढले असतील हिनं.

आणि फेडलं! तुम्हाला सांगते, फेडलं!

पण नुसतं देईल ती शालिनी कसली! शुक्रवारच निवडला. नणंदेला मुद्दाम फोन, 'वन्सं, उद्या जेवायलाच या.' आदल्या दिवशी माझ्यासमोर तालीम. मी विनोदिनी. मला माझ्याच ओट्यावर बसवून, 'हे घ्या तुमचे पैसे! आणि आता मी चपला घेईन, दोन जोड घेईन, एका पायात एक न् दुसऱ्या पायात दुसरी घालीन, तुम्ही कोण विचारणार?' मी म्हटलं, 'अगो, हळू बोल, मला भीती वाटते!'

शुक्रवार उजाडला. इसवणाच्या तुकड्या ह्या अशा, ताटाबाहेर जाणाऱ्या, सुंगटांचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. वाढायला मला बोलावलं होतं, म्हणजे साक्षीला. विनोदिनी आली. शालिनीनं पाकीट पुढे केलं. ती पाकीट हातात घेते, 'बरं झालं' म्हणते आणि पिशवीत भोपळ्याखाली सरकवते. बस! एवढंच! आणि हात धुऊन पानावर. आणि जेवली हो! तिसरी तुकडी घेताना म्हणते, 'मीठ थोडं पुढे झालं.'

तिथे शालिनीचं सुटलं. तालमीतलं सगळं विसरली. चपला नाहीत, काही नाही. उभी राहिली, हातात पळी, आणि आवाज एकदम खाली. 'वन्सं, सिद्धीच्या वाढदिवसाला केक आणला होता. तुम्ही तिच्या देखत विचारलंत, केवढ्याचा म्हणून. तिनं त्यानंतर केक मागितला नाही. तुमचे पैसे मी फेडले. हे कोण फेडणार?'

महादेव भातात बोट फिरवतोय. विनोदिनी तुकडीतला काटा शोधतेय, शोधतेय, सापडेना… त्या तुकडीत काटा नव्हताच! मला वाटलं, आता रडते की काय. शालिनीला पण तेच वाटलं असणार, कारण तिच्या तोंडावर असं समाधान, असं समाधान, दीड वर्षाचा उपास वसूल! आणि विनोदिनीनं मान वर केली नि म्हणाली काय?

'अगो, मी असं विचारत राहिले नसते, तर तू फेडलं असतंस?'

म्हणजे श्रेय पण हिलाच! महादेव, तो देवमाणूस, मान हलवून 'तसं बघितलं तर…' म्हणायला लागला, शालिनीनं पळी अशी फिरवली की वाक्य तिथेच थांबलं.

जाताना मात्र विनोदिनी दारात घुटमळली. एक पाय चपलेत, एक बाहेर. 'शालिनी, तू निदान तोंडावर बोललीस. आमची गौरवी माझ्याशी बोलतच नाही गो. मी स्वयंपाकघरात गेले की ती खोलीत जाऊन दार लावते.' गौरवी म्हणजे तिची सून. बाईचा आवाज एवढासा. मला तरी वाईट वाटलं. शालिनी दाराला टेकून उभी होती, ती ओठ दाबून म्हणाली, 'होईल हो सगळं नीट, वन्सं.' पण तुम्हाला सांगते, बस सुटल्याबरोबर गडग्याशी आली आणि मला टाळी दिली!

एवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! रविवारी फाटकाशी रिक्षा. आतून गौरवी उतरली, तिच्या मागून दोन बॅगा, त्यांच्या मागून विनोदिनी. 'शालिनी, तू घर किती कमीत चालवलंस गो! हिला महिनाभर ठेव नि शिकव. तुझं ऐकेल ती!'

ऐकते हो, सगळं ऐकते. कानात मशीन घालून गाणी ऐकते, गिझर नाही म्हणून चुलीवर घमेलंभर पाणी तापवून घेते, रोज दुपारी 'मामी, आज ताजं काय?' विचारते, आणि सकाळी पोदेर थांबला की खिडकीतून हाक देते, 'सहा दे!' बरं, पोरगी गुणी आहे, सिद्धीचे केस विंचरते, शालिनीला मामी मामी करते, तिला रागवणार कसं? आणि कर्ज होतं तोवर विनोदिनी बहुतेक शुक्रवारीच यायची, आता सुनेला बघायला म्हणून सोमवारी येते, बुधवारी येते…

काल शालिनी गडग्याशी येऊन उभी राहिली. पीठभरले हात, डोळे चुलीनं लाल, आत गौरवी जेवतेय, बाजूला विनोदिनी तिला वाढतेय, इसवणच. हातांचं पीठ गडग्यावर झटकलं. मग म्हणाली, 'रेश्मा, वन्सं व्याज नको म्हणाल्या ना, तेव्हाच मला संशय यायला हवा होता गो!'