बापाचं नाव न लिहिलेला गुलाब

सन्माननीय अध्यक्ष मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरचे पोस्टमास्तरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि आपणा सर्वांचे कंपाउंडर, त्यांना न्यायला आलेली माझी भाची, आणि गुलाबप्रेमी मंडळाच्या बंधुभगिनींनो,

विषयाकडे वळण्यापूर्वी एका गंभीर अन्यायाची नोंद करणं मी कर्तव्य समजतो. दारातून आत येताना माझ्या छातीवर एक गुलाब टोचण्यात आला. तो कागदी आहे. बाकी सगळं मी सहन केलं असतं, पण त्यावर कुणीतरी अत्तर शिंपडलंय, आणि तेही मोगऱ्याचं. ज्या मंडळाने पंचवीस वर्षं सुगंधी गुलाबासाठी देह झिजवला, त्याच्या कार्यकारिणीत हा ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिलं? मंडळाचा पत्रव्यवहार मी पाहतो, तरी मला याचा पत्ता नव्हता. असो. टाचणीही टोचते आहे, पण ती निदान खरी आहे.

भाऊजींबद्दल काय सांगावं? तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून त्यांनी बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि घरी येऊन गच्चीतल्या गुलाबांना. कलम करून गुलाब कोणीही वाढवतो. त्यात रोप मूळ झाडासारखंच येणार, म्हणजे नकलेचं काम. भाऊजींना बी हवं असायचं. फूल उमलायच्या आदल्या दिवशी त्याच्या पाकळ्या काढायच्या, पुंकेसर कात्रीने उतरवायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग रंगाच्या कुंचल्याने लावायचा आणि वर कागदाची पिशवी बांधायची. चार महिन्यांनी लहान लिंबाएवढं नारिंगी फळ. त्यातलं बी ओल्या कागदात गुंडाळून तीन महिने फ्रिजमध्ये. माझी भाची लहानपणापासून कुठलाही डबा चिठ्ठी वाचल्याशिवाय उघडत नाही. एकदा माझ्या मेहुणेपणाचा मान राखून मला सरबतात जे घालून देण्यात आलं, ते सब्जाचं बी नव्हतं. ते वर्ष मंडळाच्या इतिहासात 'सचिवांनी गिळलेलं वाण' म्हणून नोंदलेलं आहे.

शंभर बियांतून तीस उगवतात, आणि तीसातून ठेवण्याजोगी दोन. ती दोन कोणती, हे माझी ताई ठरवायची. डोळे मिटून फूल हुंगायची आणि निकाल द्यायची. दिसायला राजबिंडा, पण वास नाही, असा गुलाब आला की म्हणायची, "याला तोंड आहे, आवाज नाही. उपट." भाऊजी मुकाट्याने उपटायचे. चिठ्ठीही तीच लिहायची, पेन्सिलीने: आधी आईचं नाव, म्हणजे फळ धरणाऱ्या झाडाचं, मग फुली, मग बापाचं, म्हणजे पराग देणाऱ्याचं. आमच्या चिठ्ठ्यांतल्या चुका ती लाल पेन्सिलीने सुधारायची, अध्यक्षबाईंच्यासुद्धा. बाई हसताहेत, म्हणजे आठवतंय.

आता एक गोष्ट भाऊजींच्याच परवानगीने सांगतो. अकरा वर्षांपूर्वी तापातून उठल्यावर त्यांना वास येणं बंद झालं. पूर्ण. आपण ज्यांना सुगंधाचे आचार्य म्हणून मिरवलं, त्यांना अकरा वर्षं गुलाब काय, रॉकेलसुद्धा कळत नाही. हे फक्त ताईला आणि मला ठाऊक होतं. ताई होती तोवर निभावलं. सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि भाऊजी माणसांची तोंडं वाचायला शिकले. रविवारी सकाळी आपण तिघं-तिघं गच्चीत जाऊन डोळे मिटून हुंगायचो, एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर लिहायचो आणि चिठ्ठ्या मी गोळा करायचो, ही शिस्त भाऊजींनी न्यायासाठी घातली असं तुम्हाला वाटत होतं. ते समोर बसून तुमचे चेहरे बघत असत. खाली काय लिहिलंय, याची त्यांना फारशी गरज नव्हती.

ताईने शेवटच्या आजारपणात एक फळ धरवलं होतं. त्याचं बी फ्रिजच्या तळाशी राहिलं. दोन वर्षं उगवलं नाही. गुलाबाचं बी असं रुसून बसतं, त्यात नवल नाही. तिसऱ्या वर्षी एकच दाणा फुटला. रोप क्रमांक एकेचाळीस. चिठ्ठी ताईच्याच अक्षरात: आईचं नाव, फुली, आणि पुढे कोरं. भाऊजी म्हणाले, लिहायचं राहिलं असेल, हात चालत नव्हता तिचा. मीही मान डोलावली. पण मंडळी, फुली काढण्याइतका हात चालत होता. आणि जे माहीत नाही ते ती लिहीत नसे, हा तिचा स्वभाव मला पाळण्यापासून ठाऊक आहे.

रोप मोठं झालं आणि यंदा पहिलं फूल आलं. हुंगायला अध्यक्षबाई, पोस्टमास्तर आणि मी. बाई नेहमी अर्धं पान लिहितात; पोस्टमास्तर तारेच्या भाषेत 'बरा' किंवा 'नको'. या दोघांचं पंचवीस वर्षांत एकदाही एकमत झालेलं नाही. त्या दिवशी तिघांनीही डोळे मिटून हुंगलं आणि तिघंही मान वळवून खाली फाटकाकडे बघू लागलो. फाटकात कोणी नव्हतं. तीन चिठ्ठ्यांवर, माझ्यासकट, एकच वाक्य होतं: 'कोण आलंय?' त्या चिठ्ठ्या माझ्या दप्तरात आहेत. आम्ही हसलो आणि चहा प्यायलो.

दीड महिन्याने दुसरा बहर आला. या वेळी फाटकाकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं ते गच्चीच्या दाराकडे.

तिसरा बहर गेल्या महिन्यात. पोस्टमास्तरांनी हुंगलं आणि ते बाजूला सरकले. दारातून कोणी येताना आपण वाट देतो ना, तसे, अदबीने. त्यांना विचारलं, कुणाला वाट दिलीत? म्हणाले, मी कुठे हललो? बाई सरकल्या. मी सरकलो. माझी भाची त्याच दिवशी आली होती. तिने हुंगलं आणि जवळची खुर्ची ओढून कुणासाठी तरी पुढे केली. तिलाही आठवत नाही.

सुगंधाचं काय म्हणाल, तर इतका भरदार गुलाब मंडळात झालेला नाही. वास पिकलेल्या फळाचा, लवंगेचा, आणि आत खोल नुकत्याच उकरलेल्या मातीचा. आमचे संस्कृतचे गुरुजी सांगत, गंध हा पृथ्वीचा गुण. हवा तो नुसता वाहून आणते. ज्याला गंध आहे त्याला कुठेतरी घट्ट अंग असलंच पाहिजे. तेव्हा मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

त्या दिवशी सगळे खाली उतरल्यावर भाऊजींनी मला थांबवलं. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले होते. म्हणाले, "मला काही कळत नाही, तुला कळतं. खरं सांग. तीच आहे ना?"

मी म्हणालो, "हो भाऊजी. ताईच आहे."

सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना शिटी वाजवत झाडांना पाणी घालताना पाहिलं. पाण्याचा झारा रिकामा झाला तरी ते घालतच होते. त्या शिटीसाठी मी आणखी दहा वेळा तेच सांगितलं असतं.

उद्या सकाळी भाऊजी लेकीकडे निघताहेत. सगळी गच्ची त्यांनी मंडळाला दिली, सोबत नेताहेत एकच कुंडी. ती इथे टेबलावर आहे. पानं निरोगी आहेत, एक कळी रंगावर आली आहे, चारेक दिवसांत उमलेल. चौथा बहर. भाचीचं घर आठव्या मजल्यावर, गच्ची नाही, म्हणून कुंडी खोलीत राहणार, खिडकीच्या आतल्या बाजूला. ती खोली भाऊजींची आणि त्यांच्या चार वर्षांच्या नातीची. पहिलं फूल नातीला हुंगायला द्यायचं, आजीची भेट घडवायची, असं त्यांनी मला मोठ्या आनंदाने सांगितलं.

आता रीतीप्रमाणे आभार. मंडळाने मला बोलू दिलं, अध्यक्षबाईंनी दोनदा घड्याळ पाहूनही घंटी वाजवली नाही, याबद्दल मी ऋणी आहे. भाषणाच्या शेवटी वक्ते नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतात. माझ्याकडून झालेली चूक कळून-सवरून झालेली आहे, आणि क्षमा एकाच माणसाची मागायची आहे.

भाऊजी, ताई जेमतेम माझ्या खांद्यापर्यंत यायची. तिच्या अंगाला साबणाचा आणि पेन्सिलीच्या लाकडाचा वास यायचा. त्या दिवशी वाट देताना आम्ही सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. पोस्टमास्तर सहा फूट आहेत, त्यांनीसुद्धा. तुम्ही चेहरे बघत होतात, माना बघितल्या नाहीत. जो कोणी आहे तो उंच आहे, आणि मी त्याला ओळखत नाही. मी खोटं बोललो. हात जोडतो, ही कुंडी नेऊ नका.

मला बाकी कशाची भीती वाटत नाही. पोर चार वर्षांची आहे. कुणाला वाट द्यायची आणि कुणाला नाही, हे तिला अजून कळत नाही.