टांझानियाचा बारावा पतंग

फलक: मामा, तिसऱ्यांदा तेच सांगताय तुम्ही. मी विचारतेय वेगळंच.

बद्रीनाथ: मंग काय सांगू? रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. कॉलेजच्या म्युझियमची चावी परत दिली, विषय संपला.

फलक: त्याआधी एकवीस वर्षं ती तुमच्याकडंच होती. राधेश्याम सरांनी टांझानियाहून बारा पतंग आणले, सगळे एकाच टेकडीवर धरलेले. अकरा मी ओळखले. परदेशातल्या म्युझियमच्या फोटोंशी पंखांच्या शिरासुद्धा जुळल्या. बारावा मात्र आफ्रिकेच्या कुठल्याच जातीत बसत नाही.

बद्रीनाथ: म्हंजे नवीन जात घावली की! पेढे आण.

फलक: लेख तयार आहे, आज पाठवायचाय. पण बाराव्याच्या लेबलला दोन भोकं आहेत. बाकीच्यांना एकेकच.

बद्रीनाथ: भोकं मोजायला शिकली व्हय एम.एस्सी.ला?

फलक: हो. टाचणी पतंगातून जाते आणि खालच्या लेबलातून. दुसरं भोक म्हणजे लेबल काढून परत लावलं.

बद्रीनाथ: टाचणी गंजली असंल.

फलक: बारांतली एकच गंजली? आणि ही शिंप्याची आहे. सरांच्या काळ्या, लांब.

बद्रीनाथ: तू पोलिसात जायला पाह्यजे व्हती.

साळूबाई: चहा घे गं बाई. कोणत्या पाखराचं चाललंय? माझ्या माहेरच्या?

बद्रीनाथ: तू आत जा.

फलक: थांबा मावशी. माहेर कुठलं तुमचं?

साळूबाई: धावडा, भोकरदनकडं. आमच्या ओसरीच्या बल्बखाली हे पाखरं धरायला टॉवेल घेऊन उभे. भाऊ म्हणला, दाजींला येड लागलं का काय!

फलक: मामा?

बद्रीनाथ: ...पाऊस सरल्यावर डाळीला ऊन दाखवतेत घरात. तसं मी पतंगांच्या पेटीला दाखवलं. झाकण उघडून खिडकीत ठेवली. डबा खाऊन आलो, तर एक पतंग मुंग्यांनी नेल्ता. टाचणी तेवढी उभी. ती बी काढताना वाकली.

फलक: सरांना कळलं नाही?

बद्रीनाथ: मोतीबिंदू व्हता त्यांना. तरी रोज यायचे, काचेला नाक लावून बारा मोजायचे. अकरा कसे दाखवू त्यांना?

फलक: म्हणजे आठ महिने मी धावड्याचा पतंग आफ्रिकेत शोधत होते.

साळूबाई: आमच्याकडं ढीगभर येतेत असले.

फलक: माझी पहिली जात होती ही, मावशी. सरांच्या नावावरून नावसुद्धा ठरवलं होतं.

बद्रीनाथ: सरांचं नाव?

फलक: हो.

बद्रीनाथ: मंग पाठव की! कोण येणार हाय तिकडून विचारायला? तू हितं मस्तगडला, आमच्या घरी आलीच न्हाई. मी काही बोललो न्हाई. साळू बी न्हाई.

साळूबाई: मी कशाला बोलू?

फलक: पण मी ऐकलंय, मामा.