दोघांना पुरंल एवढा दोरा

नवी पेठेतल्या दोऱ्याच्या दुकानात माझ्या पुढं रांगेत दिग्विजय नावाचा एक तरुण उभा होता. तो दुकानदाराला म्हणाला,

“काका, हिरवा रेशमी दोरा द्या. मासे धरायची गळाची काठी घरीच बनवतोय.”

“जमतंय का?”

“बांबू तासला. आता त्यावर गळाची दोरी ओवायच्या कड्या दोऱ्यानं बांधायच्यात. सकाळी दोन बांधून कामावर गेलो. येऊन बघतो तर तीन.”

“घरातल्या कुणी बांधली असंल.”

“मी एकटाच ऱ्हातो. घराला कुलूप हुतं. तिसरीचा दोरा उलटा गुंडाळलाय, डावखुऱ्यागत.”

“तुझा भाऊ अजिंक्य डावखुरा होता की.”

“व्हय. बांबू त्यानंच आणलेला. काठी बनवायच्या आधीच तलावात बुडाला.”

“मोडून टाक ती काठी.”

“न्हाय काका.”

“मग किती दोरा देऊ?”

“दोघांना पुरंल एवढा द्या.”