शमशोनचं नाव कुणी ठेवलं

सगळ्यांत आधी आली ती बेकरीवाली अलिझा, खुर्च्या मांडायच्याही आधी, पुढची जागा धरायला. असो. समारंभाचे अध्यक्ष अमरामभाऊ, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना आज निरोप द्यायचा त्या आमच्या शिक्षिका यमिमाबाई, आणि मागे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या माझ्या यजमानांसकट सारे गावकरी, सोलिकाचा नमस्कार घ्या.

एकाहत्तराव्या वर्षी मी बाईंच्या वाचनवर्गात का गेले? अध्यक्ष म्हणाले, ज्ञानाच्या ओढीनं. कसली ओढ! सुनेला खोटं पाडायला गेले.

गेल्या वर्षी मला नातू झाला. सुंतेच्या दिवशीच नाव ठेवतात, तेव्हा मी हट्ट धरला, नाव आजोबांचंच, माझ्या यजमानांचं, शमशोन. आम्हा मोरोक्कोवाल्या ज्यूंत हयात आजोबांचं नाव नातवाला दिलं की आजोबांचं आयुष्य वाढतं. विहीणबाई पोलंडकडच्या. त्यांच्यात फक्त गेलेल्याचं नाव देतात. त्या यजमानांकडे अशा बघू लागल्या, जणू आम्ही त्यांना त्याच दिवशी पोचवायला निघालोय. यजमान तेव्हा तिसऱ्यांदा मासा वाढून घेत होते.

सून नोगा हळूच म्हणाली, "आई, धर्मग्रंथातल्या त्या वीर शमशोनचे शेवटी शत्रूंनी डोळे काढले होते."

डोळे? माझे वडील गोष्ट सांगायचे ती त्यानं सिंह मारला, सांगाड्यातला मध खाल्ला, इथवर. मग झोपा. साठ-पासष्ट वर्षं मी समजत होते, तो अजून मधच खातोय. भरल्या घरात मी सुनेला बोलले, हे तुझ्या आईनं शिकवलं असेल. मुलगा माझ्या धाकातला, त्यानं शमशोन हेच नाव सांगून टाकलं. नोगा बाळाला घेऊन गेली ती पुन्हा फिरकली नाही. मुलगा एकटाच यायचा, डबे घेऊन जायचा.

म्हणून मी अक्षरं गिरवली. आमच्या समोरच्या त्सोरा टेकडीकडचा वीर, त्याची बाजू मी नाही तर कोण घेणार? अकरा महिन्यांनी, बोट ठेवून ठेवून, त्या ओळीवर पोचले. डोळे काढले होते. स्वच्छ लिहिलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि बाईंना म्हटलं, झालं माझं शिक्षण.

बाई म्हणाल्या, "मागे जा. जन्म झाला ते पान वाच. नाव कुणी ठेवलं?"

वाचलं. आईनं ठेवलं. बाप, मूल होणार हे सांगायला आलेल्या देवदूताला प्रश्न विचारण्यात गुंतलेला. बाई म्हणाल्या, आपल्या भाषेत शेमेश म्हणजे सूर्य, त्यातून ते नाव आलं असं बरेच जण मानतात. त्या बाईचं स्वतःचं नाव तिथे कुणी लिहिलेलं नाही, पण पोराचं नाव ठेवायचा मान तिचा. मी दोनदा शोधलं. सासूचा उल्लेख कुठेही नाही.

घरी आले आणि नोगाला फोन लावला. म्हटलं, डोळे काढले होते, तुझं खरं. माझं चुकलं. आई तू आहेस, तुला हवं ते नाव ठेव, यजमानांना मी समजावते.

नोगा म्हणाली, "राहू दे, आई. हाक मारली की वळून बघतो तो आता."

बाई, तुमचे आभार मानायला मला अजून पुरेशी अक्षरं येत नाहीत. हे भाषण माझ्या हातचं आहे, चुका दिसल्या तर पोटात घाला. जेवून जा सगळे, मात्र माझ्याकडचे खजूर संपवू नका. नोगा बाळाला आणि विहीणबाईंना घेऊन येतेय, येत्या मंगळवारी, दुपारच्या बसनं.