पूर्ण वाक्यात

व्हर्ना: ...आणि मग त्यांनी माझ्या आजोबांना कोठारात नेऊन अंगावर डांबर ओतलं. कसं वाटलं?

आर्डिस: मला कुठे जर्मन कळतंय? तोंड मात्र शिवी दिल्यासारखं करतेस. आधी केक खा बघू.

व्हर्ना: मीटिंग झाल्यावर खाईन. आज गोड लागेल.

आर्डिस: अगं ताई, आयुष्यभर शाळेची बस चालवलीस, पोरांवर कधी आवाज चढवला नाहीस. आणि आता सत्तरी उलटल्यावर सूड उगवायला भाषा शिकतेस? लोक फिरायला जायचं म्हणून शिकतात.

व्हर्ना: मला कुठेही जायचं नाही. मला लाईल ब्यूलोच्या घरात घुसायचंय, तेही कॉम्प्युटरमधून. आज त्याचे जर्मनीतले चुलतभाऊ बसणार आहेत ऐकायला. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून तर ही सगळी मरमर.

आर्डिस: लाईलनं तुझं काय घोडं मारलंय? हिवाळाभर माझ्या दारातला बर्फ तोच काढतो.

व्हर्ना: काय घोडं मारलंय? तो घेतो त्या ऑनलाइन जर्मनच्या वर्गात पहिल्याच शनिवारी अख्ख्या गटासमोर मला म्हणाला, "पूर्ण वाक्यात, व्हर्ना. अर्धवट नको." एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. आणि वर काय, "तुम्ही राट्के लोकांनी भाषा टाकून दिली, आम्ही ब्यूलोंनी जपली." टाकून दिली म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आर्डिस: त्याला ठाऊक नसेल गं.

व्हर्ना: म्हणूनच सांगायचंय. त्याच्या आजोबानं, त्या वॉल्टरनं, आपल्या आजोबांची बोलती बंद केली. पहिलं महायुद्ध चाललेलं. आजोबांचा गुन्हा काय, तर जर्मनमधून प्रार्थना म्हटली. त्यानंतर जर्मन बोलायची भीती आणि इंग्रजी येत नव्हतं. मग काय बोलणार माणूस? तुला त्यांचा आवाज आठवतो?

आर्डिस: खोकला आठवतो.

व्हर्ना: बघ! नुसता खोकला! आणि वॉल्टर काय परका होता? आजोबा त्याचे धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यांनीच त्याला हातांवर धरला होता. रीतीप्रमाणे त्यांचंच नाव पोराला दिलं, ट्राउगोट वॉल्टर. युद्ध लागल्यावर पठ्ठ्यानं ट्राउगोट काढून फेकलं आणि नुसता वॉल्टर झाला. मग आपण किती पक्के अमेरिकन ते दाखवायला चार टगे जमवले नि डांबराची बादली उचलली.

आर्डिस: केव्हाच मेला तो.

व्हर्ना: मेला, पण माफी मागायला आला नाही. बांधाला बांध लागून शेत होतं. चल, सुरू होतंय. आज नावांची फेरी आहे. आपलं नाव कुणावरून आलं ते प्रत्येकानं जर्मनमधून सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. शब्द अडला तर तो लाईल पुरवतो, दुसरं कुणी नाही.

(पडद्यावर चेहरे दिसू लागतात. इथून पुढे लाईल आणि व्हर्ना एकमेकांशी जर्मनमधून बोलतात.)

लाईल: या, या मंडळी! आज माझे भाऊ ऐकताहेत, तेव्हा जरा माझी अब्रू राखा. पहिला मीच. मी लाईल ट्राउगोट ब्यूलो. हे मधलं नाव आजोबांनी हट्टानं ठेवायला लावलं. आईला मुळीच आवडलं नव्हतं. माझ्या बाप्तिस्म्याला ते मागच्या बाकावर बसून ढसाढसा रडले म्हणे, आणि कारण विचारलं तर सांगेनात. मूळ त्यांचंच नाव ते, त्यांनी टाकून दिलेलं. पण त्यांना ते कुणावरून मिळालं, पत्ता लागत नाही. आमचं जुनं चर्च नोंदींसकट जळालं. ब्यूलो घराणं मी पार मुळापर्यंत धुंडाळलं, एक ट्राउगोट सापडत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा बुवा.

आर्डिस: काय म्हणाला? तुझा रंग का उडाला?

व्हर्ना: माईक बंद आहे ना? आपल्या आजोबांचं नाव ठेवलंय त्याला. वॉल्टरनं ठेवलं. रडला म्हणे. आणि हा शहाणा रक्ताच्या नात्यातच शोधत बसलाय.

आर्डिस: म्हणजे म्हातारा पस्तावला होता गं. सोड ना आता.

व्हर्ना: पस्तावला होता तर बांध ओलांडून यायचं होतं. लाईल जन्मला तेव्हा आजोबा जिवंत होते. स्वयंपाकघरात बसून खोकत होते.

आर्डिस: आणि माझ्या दारातला बर्फ?

व्हर्ना: मी काढीन.

लाईल: व्हर्ना, तुझी पाळी. माईक उघड. आणि पूर्ण वाक्यात बरं का!

व्हर्ना: हो, पूर्ण वाक्यात. मी व्हर्ना राट्के. माझ्या आजोबांचं नाव ट्राउगोट होतं.

लाईल: ट्राउगोट? अरे वा! म्हणजे आपल्या गावातच...

व्हर्ना: मध्ये बोलायचं नसतं ना, लाईल? शेजाऱ्याच्या मुलाला बाप्तिस्म्यात त्यांनी हातांवर धरलं आणि आपलं नाव दिलं. तो मोठा झाला. युद्ध आलं. त्यानं माणसं गोळा केली, आजोबांना कोठारात नेलं, आणि त्यांच्या अंगावर ते... काळं, गरम, छपराला लावतात ते...

लाईल: डांबर.

व्हर्ना: डांबर ओतलं. आभारी आहे. कारण काय, तर आजोबा जर्मनमधून... डोळे मिटून, हात जोडून...

लाईल: प्रार्थना करत होते.

व्हर्ना: प्रार्थना करत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी जर्मन बोललं नाही. आम्ही ती टाकून दिली नव्हती, लाईल. आता त्या मुलाचं नाव सांगायचंय. पण अडलं बघ. मदत कर.

लाईल: व्हर्ना, हे आपण नंतर दोघं बोलू या का?

व्हर्ना: फेरी चालू आहे. तुझे भाऊ थांबलेत.

आर्डिस: व्हर्ना, पुरे. मला तुझं जर्मन कळत नाही, पण त्याचा चेहरा कळतोय.

व्हर्ना: नाव, लाईल.

लाईल: वॉल्टर.

व्हर्ना: पूर्ण वाक्यात.