करुणाचं उत्तर

— हुशार? तुमची करुणा हुशार आहे असं कोण म्हणालं तुम्हाला, चंपाबाई? पाठ करते, ती गोष्ट वेगळी. बसा ना — तिथं नाही ओ, ती पालकांची खुर्ची — म्हणजे तुम्हीही पालकच, पण स्टुलावर बसा. बावीस वर्षं झाली मला गारखेड्यात क्लास चालवून. व्यंकटराव सरांचं फिजिक्स म्हटलं की लोक जालन्याहून पोरं पाठवतात. आणि अकरावीतली एक पोरगी साठ जणांत उभी राहून म्हणते, सर, उत्तर चुकलं!

काय चुकलं? तुम्हाला कळायचं नाही, तरी सांगतो. गाडी इथून पैठणला गेली ताशी साठनं, परत इथंच आली ताशी चाळीसनं. सरासरी वेग किती? मी फळ्यावर लिहिलं, पन्नास. साठ न् चाळीस, दोनानं भागा, झालं. तर ही उठली — सर, शून्य. पोरं हसली. तिलाच हसली, मला कोण हसणार? तो पहिल्या बाकावरचा अमेय तर माझ्याकडं बघून — म्हणजे तिच्याकडं बघून — हसत होता.

मग मी म्हटलं, शून्य ना? मग चाल. फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून फळ्यापर्यंत. वेगच नाही तर दमशील कशाला? चालली, तास संपेस्तोवर. पोरं फेऱ्या मोजत होती — मीच सांगितलं मोजायला — एकशे सदतीस. पडली? पडली नाही ओ, बसली. दाराशी बसली. तिच्या बाकावरच्या मृण्मयीनं पाणी दिलं की तिला, मी नको म्हणत असताना दिलं.

असं बघू नका माझ्याकडं. पोरगी आठ दिवस बोलत नाही म्हणता, पुस्तकं माळ्यावर टाकलीत — टाकू द्या! तुम्ही लोक पोरींना डोक्यावर बसवता — लोक म्हणजे तसं नाही, खामखा वेगळा अर्थ काढू नका.

कॅमेरा? आहे वर्गात, पण आवाज येत नाही त्यात. बघितलं ना मी, तीनदा बघितलं. शेवटी शेवटी भिंतीला हात लावत चालत होती — ते सोडा. मुद्दा वेगाचा आहे. वेग म्हणजे नुसतं किती जोरात पळालात ते नव्हे. निघालात कुठून, पोचलात कुठं — ते सरळ अंतर, दिशेसकट, आणि त्याला लागलेल्या वेळानं भागायचं. आता तुम्ही पडेगावहून निघालात. इथं आलात. परत पडेगावला घरी गेलात. निघाल्या जागेपासून किती दूर? काहीच नाही. म्हणजे सरासरी वेग —

बरं. बरोबर होतं तिचं. झालं समाधान? मला घरी गेल्यावर कळलं, पुस्तक उघडून बघितलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी नोट्समधलं पान बदललं सगळ्यांच्या. कुणी विचारलंसुद्धा नाही. बावीस वर्षं पन्नास सांगत होतो मी, चंपाबाई.

वर्गात सांगू? तिला समोर उभं करून? एवढंच मागायला आलात? — नाही. दुसरं काहीही मागा. तिचं बरोबर होतं अशी चिठ्ठी देतो, वेगळं शिकवतो तिला. वर्गात नाही. साठ तोंडं आहेत तिथं.

मग राहू द्या घरी. तिच्या जागेवर दुसरी मुलगी घेतलीय, परवाच. उठा, बॅच आली. आणि मी आत्ता बोललो ते बाहेर सांगत फिरू नका. कुणी विचारलं तर मी साफ नाही म्हणेन — मग तुमचं कोण ऐकणार? चला, दार ओढून घ्या.